अक्षरांवर अक्षरे : मुद्रक हेंड्रिक वेर्कमन



या पानावर आपण थोरामोठ्यांची चरित्रे वाचतो. त्यांत राजे असतात, संत असतात, शास्त्रज्ञ आणि समाजसुधारक असतात. आज ज्यांची ओळख करून घ्यायची आहे ते होते एक छापखानेवाले. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, जाहिराती आणि निधनवार्ता छापून पोट भरणारे. धंद्यात ते बुडाले, आणि बुडाल्यावर उरलेल्या जुन्या अक्षरांतून त्यांनी अशी चित्रे निर्माण केली की आज अक्षररचना शिकणाऱ्यांना त्यांचे नाव माहीत नसेल तर ती उणीव समजली जाते. त्यांचे नाव हेंड्रिक निकोलास वेर्कमन. डच भाषेत 'वेर्कमन' या शब्दाचा अर्थच मुळी कामकरी माणूस असा होतो. ते नावाप्रमाणे जगले.

बालपण

नेदरलँड्स या देशाला आपण बोलताना हॉलंड म्हणतो. त्याच्या अगदी उत्तरेला ग्रोनिंगन नावाचा प्रांत आहे. सपाट शेते, कालवे आणि समुद्राकडून येणारा वारा असा तो मुलूख. या प्रांतातील लेन्स नावाच्या खेड्यात २९ एप्रिल १८८२ रोजी हेंड्रिकचा जन्म झाला. वडील गुराढोरांचे डॉक्टर होते. घर खाऊनपिऊन सुखी होते. पण हेंड्रिक नऊ वर्षांचा असताना, १८९१ मध्ये वडील वारले. आईच्या पदरात तीन मुलगे होते. गाव सोडून तिने शहराची वाट धरली आणि काही वर्षांत हे कुटुंब ग्रोनिंगन शहरात येऊन राहिले. हेच शहर पुढे हेंड्रिकची कर्मभूमी ठरले.

शाळकरी वयात हेंड्रिकने एक प्रदर्शन पाहिले. व्हिन्सेंट व्हॅन गॉग या चित्रकाराच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती आणि त्याला फारसे कोणी ओळखतही नव्हते. १८९६ मध्ये ग्रोनिंगनच्या काही विद्यार्थ्यांनी पुढाकार घेऊन त्याची चित्रे आपल्या शहरात आणली. रंग असे जाडसर, उघडपणे, हाताची हालचाल दिसेल असे लावता येतात, हे त्या मुलाने प्रथमच पाहिले. तो ठसा मनात राहिला. चित्रकार होण्याची परिस्थिती मात्र घरी नव्हती. शाळेतही त्याने काही मोठे यश मिळवले नाही. तो छापखान्यात उमेदवारी करू लागला, आणि नंतर काही वर्षे त्याने वृत्तपत्रात बातमीदार म्हणूनही काम केले.

छापखान्याची भरभराट

१९०८ मध्ये वेर्कमन यांनी ग्रोनिंगनमध्ये स्वतःचा छापखाना काढला. १९०९ मध्ये यान्स्ये क्रेमर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. धंदा वाढला. भरभराटीच्या काळात त्यांच्याकडे सुमारे वीस माणसे कामाला होती.

तेव्हाचा छापखाना कसा चाले, हे आजच्या मुलांना सांगायला हवे. तुमच्या आजोबांना विचारलेत तर ते 'खिळे' हा शब्द सांगतील. प्रत्येक अक्षराचा शिशाचा एक छोटा उलटा ठसा असे, त्याला खिळा म्हणत. लाकडी खणांच्या पेटीतून एकेक खिळा उचलून ओळी जुळवायच्या, दोन शब्दांच्या मध्ये कोरे खिळे घालायचे, उरलेली मोकळी जागा लाकडाच्या आणि शिशाच्या पट्ट्यांनी भरायची, सगळे घट्ट आवळायचे, वर शाईचा रूळ फिरवायचा आणि कागद ठेवून दाबायचा. काम झाले की खिळे परत आपापल्या खणात टाकायचे. आपल्याकडेही संगणक येईपर्यंत पुस्तके, मासिके आणि पत्रिका अशाच छापल्या जात.

पुस्तकांची अक्षरे शिशाची, पण भित्तिपत्रकांवरची हातभर मोठी अक्षरे मात्र लाकडाची असत. एवढे मोठे शिशाचे अक्षर फार जड होते आणि महागही पडते. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स यांनी यंत्राने लाकडी अक्षरे कोरण्याची सोय केली आणि पुढे जगभरच्या छापखान्यांत अशा अक्षरांच्या पेट्या दिसू लागल्या. वेर्कमन यांच्याकडेही शिशाची आणि लाकडाची, निरनिराळ्या वळणांची अक्षरे होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या कथेचे भांडवल तेच आहे.

संकटांची रांग

१९१७ मध्ये यान्स्ये यांचे निधन झाले. घरात लहान मुले होती. पुढच्याच वर्षी वेर्कमन यांनी दुसरा विवाह केला. पहिले महायुद्ध संपले आणि व्यापारात मंदी आली. छापखान्याची मिळकत घटली. वेर्कमन हे हिशेबी व्यापारी कधीच नव्हते. कामापेक्षा कामाच्या नव्या तऱ्हा करून पाहण्यात त्यांचे मन अधिक रमे.

याच सुमारास त्यांना एक नवी संगत मिळाली. १९१८ मध्ये ग्रोनिंगनच्या तरुण चित्रकारांनी 'दे प्लूख' नावाचे मंडळ स्थापन केले होते. 'प्लूख' म्हणजे नांगर. कलेच्या बाबतीत पडीक राहिलेली आपल्या प्रांताची जमीन नांगरायची, असा त्यांचा हेतू होता. वेर्कमन या मंडळाचे सभासद झाले. मंडळाची भित्तिपत्रके आणि इतर कामे ते छापू लागले आणि स्वतःही रंगवू लागले. चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या गृहस्थाला वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे ते व्हॅन गॉगचे प्रदर्शन पुन्हा आठवले असेल, तर नवल नाही.

१९२३ मध्ये मोठा छापखाना बंद झाला. यंत्रे गेली, कामगार गेले. हाती राहिले एक जुने हातयंत्र आणि अक्षरांच्या काही पेट्या. एवढेच सामान घेऊन ते कालव्याकाठच्या एका वखारीच्या पोटमाळ्यावर गेले. वय होते एकेचाळीस. गावातील प्रतिष्ठित कारखानदार आता पोटमाळ्यावर बसून किरकोळ कामे करू लागला. अनेकांच्या दृष्टीने त्यांचे आयुष्य संपले होते.

पोटमाळ्यावरून निघालेला अंक

त्याच वर्षी, म्हणजे १९२३ च्या सप्टेंबरमध्ये, त्यांनी एक पत्रक छापून लोकांना पाठवले. त्यावर चार शहरांची नावे होती : ग्रोनिंगन, बर्लिन, मॉस्को, पॅरिस. नव्या कलेची मोठी केंद्रे म्हणून शेवटच्या तीन शहरांचा बोलबाला होता. त्या ओळीत वेर्कमन यांनी आपले आडबाजूचे गाव सर्वांत आधी घातले. पाठोपाठ त्यांनी 'द नेक्स्ट कॉल' नावाचे छोटे नियतकालिक सुरू केले. नाव इंग्रजी, मजकूर बहुतांशी डच. १९२३ ते १९२६ या काळात त्याचे नऊ अंक निघाले. लिहिणे, जुळवणे, शाई लावणे, छापणे हे बहुतेक सगळे काम ते स्वतःच करीत. प्रती अगदी थोड्या. त्या त्यांनी मित्रांना दिल्या आणि युरोपातील इतर शहरांत अशीच नवी नियतकालिके काढणाऱ्यांना टपालाने पाठवल्या. उलट टपालाने त्यांचेही अंक ग्रोनिंगनला येऊ लागले.

या अंकांत त्यांनी जे केले ते त्या काळच्या मुद्रकाला वेडेपणाचे वाटावे असे होते. मुद्रकाला शिकवलेले असते की अक्षर वाचता यावे, ओळ सरळ असावी, शाई सारखी लागावी, आणि मोकळ्या जागेत भरलेल्या पट्ट्या कागदावर मुळीच उमटू नयेत. वेर्कमन यांनी त्या भरावाच्या पट्ट्यांनाच शाई लावली आणि त्यांचे आडवे-उभे ठोकळे छापले. अक्षरे उलटी करून त्यांच्या पाठीचे ठसे घेतले. एकदा तर दाराच्या कुलपाची लोखंडी पट्टी काढून तिलाच शाई लावली. कागदावर उमटले ते इंग्रजी 'ई' सारखे दिसणारे एक नवेच अक्षर. एका अंकात त्यांनी शब्द आणि पट्ट्या मांडून कलेचा आणि तिच्या आसपासच्या परिसराचा नकाशाच छापला.

अक्षरांची कुळे

वेर्कमन यांच्या रचना समजून घ्यायच्या तर आधी रोमन अक्षरांची कुळे ओळखायला हवीत. संगणकावर तुम्ही ती रोज पाहता.

पहिले कूळ सेरिफ अक्षरांचे. यात अक्षराच्या प्रत्येक टोकाला एक बारीक आडवी रेघ असते, जणू अक्षराचे पाऊल. 'टाइम्स न्यू रोमन' हे याचे ओळखीचे उदाहरण. यात काही रेघा जाड तर काही बारीक असतात, त्यामुळे अक्षर नाजूक दिसते.

दुसरे कूळ स्लॅब सेरिफ अक्षरांचे. इथे टोकाची पावले बारीक नसतात, चांगली जाडजूड ठोकळ्यासारखी असतात. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जाहिरातींसाठी अशी अक्षरे निघाली. लांबून दिसावीत आणि नजर खेचून घ्यावीत हेच त्यांचे काम.

तिसरे कूळ सॅन्स सेरिफ. 'सॅन्स' म्हणजे विना. पावले काढून टाकलेली, साधी, बहुधा एकसारख्या जाडीची अक्षरे. १८१६ मध्ये विल्यम कॅस्लन (चौथे) यांच्या ओतशाळेने अशा छापील अक्षरांचा पहिला नमुना प्रसिद्ध केला. 'एरियल' हा त्याचाच आजचा वंशज.

चौथे कूळ ब्लॅकलेटर. टाकाने लिहिलेल्या जुन्या हस्तलिखितांवरून आलेली, टोकदार, काळीभोर अक्षरे. गुटेनबर्ग यांचे बायबल याच वळणात छापले गेले.

वडोदऱ्याच्या मुलांना ही कुळे समजणे अवघड नाही. बाजारातून घरी येताना आपण देवनागरी आणि गुजराती अशा दोन्ही पाट्या वाचतो. 'ग', 'न', 'म' ही अक्षरे दोन्ही लिप्यांत एकमेकांच्या जवळची आहेत. पण एका लिपीत डोक्यावर शिरोरेषा आहे, दुसरीत नाही. तेवढ्याने साऱ्या ओळीचे रूप पालटते. रोमन अक्षराचे पाऊल काढले की नेमके असेच होते.

नेहमीचा नियम असा की एका पानावर फार कुळांची अक्षरे मिसळू नयेत. पत्रिका किंवा पुस्तक छापताना हा नियम योग्यच आहे, कारण तिथे वाचकाने अक्षराकडे न पाहता मजकूर वाचायचा असतो. वेर्कमन यांना मजकूर सांगायचा नव्हता. त्यांना अक्षर दाखवायचे होते. म्हणून त्यांनी नियम उलटा वापरला. जाड ठोकळेबाज अक्षराशेजारी सडपातळ अक्षर ठेवले, की दोघांचाही स्वभाव उठून दिसतो. 'ओ' हे अक्षर एका कुळात पूर्ण गोल असते, दुसऱ्यात अंड्यासारखे उभट, तिसऱ्यात कडेने जाड आणि वर-खाली बारीक. असे 'ओ' एकत्र मांडले की वाचायला काहीच उरत नाही. आपण फक्त आकार पाहू लागतो. कुठे चाक दिसते, कुठे चेहरा, कुठे खिडकी.

थरावर थर

या चित्रांना वेर्कमन यांनी नाव दिले 'द्रुक्सेल'. डच भाषेत छापणे या क्रियापदावरून त्यांनी हा शब्द घडवला. आपण त्यांना 'छापचित्रे' म्हणू या. एकेक चित्र स्वतंत्र, बहुतेकांची एकच प्रत. अशी सहाशेहून अधिक चित्रे त्यांनी केली.

रीत अशी होती. नेहमी यंत्राच्या पाटावर अक्षरे असतात आणि त्यांवर कागद येतो. वेर्कमन यांनी कागदच पाटावर पसरला आणि शाई लावलेले अक्षर त्यावर पालथे ठेवले. यामुळे कोणते अक्षर कुठे पडणार हे त्यांना डोळ्यांनी पाहून ठरवता येई. एक ठसा उमटला की दुसरे अक्षर, दुसरी शाई, पुन्हा दाब. एकच कागद असा कितीतरी वेळा यंत्राखालून जाई.

यातील खरी गंमत शाईत होती. पहिला ठसा घेतल्यावर पुन्हा शाई न लावता दुसरा घेतला की तो फिका येतो. त्यामुळे तेच अक्षर एकदा जवळ आणि एकदा दूर असल्यासारखे भासते. पातळ शाईतून खालचा थर दिसत राहतो. निळ्या अक्षरावर पिवळे अक्षर अर्धे चढवले, तर जिथे दोन्ही एकमेकांवर येतात तिथे हिरवा तिसरा आकार तयार होतो. तो आकार पेटीतल्या कोणत्याच अक्षरात नसतो, दोन अक्षरांच्या भेटीतूनच तो जन्मतो. लाकडी अक्षरे जुनी आणि वापरून झिजलेली असत. त्यांच्यावरचे ओरखडे आणि लाकडाच्या रेषाही कागदावर उतरत. दुसऱ्या मुद्रकाने असे अक्षर टाकून दिले असते. इथे ते चित्राची शोभा झाले.

पुढे त्यांनी शाईचा रूळच कुंचल्यासारखा कागदावर फिरवला, त्याच्या कडेने रेघा ओढल्या आणि कागद कापून केलेल्या साच्यांतून आकार भरले. टंकलेखन यंत्रावरही त्यांनी अक्षरांच्या रचना केल्या, त्यांना 'टिक्सेल' असे नाव दिले. हे सगळे करताना पोटासाठी पत्रिका आणि जाहिराती छापणे चालूच होते. पैसा कधी फारसा आला नाही. नाव झाले तेही ओळखीच्या मंडळींपुरतेच.

निळी होडी

१० मे १९४० रोजी हिटलरच्या जर्मनीने नेदरलँड्सवर हल्ला केला. अवघ्या पाच दिवसांत देशाचा पाडाव झाला. वृत्तपत्रांवर आणि छापखान्यांवर पहारे बसले. काय छापायचे हे आता परके सत्ताधीश ठरवणार होते. कागदाचीही टंचाई होती.

अशा वेळी, १९४० च्या अखेरीस, तीन मित्र वेर्कमन यांच्याकडे आले. ऑगस्ट हेन्केल्स हे एक धर्मोपदेशक, आणि त्यांच्यासोबत आडरी बुनिंग आणि आटे झाउटहॉफ. लोकांचा धीर टिकून राहावा यासाठी निवडक कविता आणि गोष्टी सुंदर रीतीने छापून मित्रांमध्ये वाटाव्यात, असे त्यांनी ठरवले. या मालेला नाव दिले 'दे ब्लाउवे स्खाउट', म्हणजे निळी होडी. १९४० ते १९४४ या काळात मालेतून चाळीस प्रकाशने निघाली. हेन्केल्स मजकूर सुचवीत आणि वेर्कमन तो अक्षरांनी आणि रंगांनी नटवीत.

मजकूर वरवर निरुपद्रवी असे, पण वाचणाऱ्याला आतला अर्थ कळे. पंधराव्या शतकात गुटेनबर्ग यांच्या काळी तुर्कांच्या आक्रमणाविरुद्ध उठण्याचे आवाहन करणारी एक छापील दिनदर्शिका निघाली होती. वेर्कमन यांनी १९४२ साठी तिची नवी आवृत्ती छापली. आक्रमक म्हणजे कोण, हे कोणालाही समजावून सांगावे लागले नाही.

याहून धाडसाचे काम पुढचे होते. ज्यू धर्मातील हसिदी पंथाच्या जुन्या कथा मार्टिन बूबर या विद्वानांनी संकलित केल्या होत्या. त्यांवर वेर्कमन यांनी दहा-दहा चित्रांचे दोन संच, एकूण वीस चित्रे केली. हे काम १९४१ ते १९४३ च्या दरम्यानचे. याच काळात, १९४२ च्या उन्हाळ्यापासून, नेदरलँड्समधील ज्यू कुटुंबांना आगगाड्यांत भरून मृत्युछावण्यांकडे पाठवले जात होते. ज्या समाजाचे नाव पुसून टाकण्याचा राज्यकर्त्यांनी चंग बांधला होता, त्याच समाजाच्या भक्तीच्या आणि आनंदाच्या कथा साठीला आलेला हा मुद्रक रूळ आणि कागदी साचे घेऊन रंगवीत होता. वेर्कमन स्वतः ज्यू नव्हते. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते. होते ते छापखान्याचे सामान.

शेवटचे दिवस

१३ मार्च १९४५ रोजी जर्मन पोलिसांनी वेर्कमन यांना अटक केली. हेन्केल्सही पकडले गेले. गुप्त छपाई करीत असल्याचा त्यांच्यावर संशय होता. पोलिसांनी त्यांची अनेक चित्रेही जप्त करून नेली.

तोपर्यंत युद्धाचे पारडे फिरले होते. मित्रराष्ट्रांच्या कॅनेडियन फौजा उत्तरेकडे सरकत होत्या. सुटका काही दिवसांवर आली होती. पण १० एप्रिल १९४५ रोजी वेर्कमन आणि आणखी नऊ कैदी यांना बाक्केव्हेन या खेड्याजवळ नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. खटला नाही, सुनावणी नाही. तीनच दिवसांनी कॅनेडियन सैन्य ग्रोनिंगनमध्ये शिरले आणि १६ एप्रिलला शहर मुक्त झाले. वेर्कमन यांचा त्रेसष्टावा वाढदिवस त्यानंतर तेरा दिवसांनी होता.

दुर्दैव एवढ्यावर थांबले नाही. शहराच्या मुख्य चौकातील ज्या मोठ्या इमारतीत जर्मन पोलिसांचे ठाणे होते, ती या लढाईत जळून गेली. जप्त केलेली चित्रे तिच्यातच होती. माणूस गेला आणि पाठोपाठ त्याच्या कामाचा मोठा भागही राख झाला.

नंतर

तरीही जे घरी, मित्रांकडे आणि वाटलेल्या प्रतींत उरले होते, ते पुष्कळ होते. ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाचे संचालक विलेम सँडबर्ग हे स्वतः नामांकित अक्षररचनाकार होते. युद्धकाळात त्यांनीही परकीय सत्तेविरुद्ध काम केले होते आणि त्यापायी भूमिगत व्हावे लागले होते. युद्ध संपलेल्या वर्षीच, १९४५ च्या अखेरीस, त्यांनी आपल्या संग्रहालयात वेर्कमन यांच्या कामाचे प्रदर्शन मांडले. पुढच्या वर्षी हेन्केल्स यांनी निळ्या होडीची हकिकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ज्या मुद्रकाला हयातीत फार थोडे लोक ओळखत होते, त्याची चित्रे पाहायला आता राजधानीतील माणसे येऊ लागली.

आज त्यांच्या कामाचा मोठा संग्रह ग्रोनिंगनच्या संग्रहालयात आहे. त्या शहरात एका शाळेलाही त्यांचे नाव देण्यात आले. संगणकावर एकावर एक थर ठेवून अक्षरांची चित्रे करण्याची सोय आता शाळकरी मुलांच्याही हाताशी आहे. जी गोष्ट करायला वेर्कमन यांना दिवस दिवस लागत, ती आज काही मिनिटांत होते. पण कोणत्या अक्षरावर कोणते अक्षर ठेवावे, किती झाकावे आणि किती उघडे ठेवावे, हे यंत्र सांगत नाही. ते पाहून पाहूनच कळते.

आपण करून पाहू

चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांसाठी अक्षरलेखनाचा सराव करणाऱ्या मुलांनी तर हा प्रयोग अवश्य करावा, इतरांनीही करायला हरकत नाही. खर्च काहीच नाही.

जुनी वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका आणि औषधांची खोकी यांवरील मोठी अक्षरे कापून घ्या. आधी त्यांची कुळे लावा. पावलांची एकीकडे, जाड पावलांची दुसरीकडे, बिनपावलांची तिसरीकडे. देवनागरी अक्षरे शिरोरेषेसह आणि शिरोरेषा कापून, अशी दोन्ही घ्या. मग प्रत्येक कुळातील एकच अक्षर निवडा. सर्वांत जाड अक्षर आधी चिकटवा, तो तुमचा पाया. त्यावर जिलेटिनच्या रंगीत कागदातून कापलेले दुसरे अक्षर असे ठेवा की अर्धे पहिल्यावर आणि अर्धे बाहेर राहील. तिसरे अक्षर पहिल्या दोहोंच्या पोकळीत बसवून पाहा. तीन अक्षरांवर थांबा. चौथे घालावेसे वाटेल, पण आधी कागद उलटा धरून पाहा. उलटा धरूनही रचना तोललेली वाटली तर ती साधली. एका बाजूला कलली तर अक्षरे सरकवा. सगळे नीट बसेपर्यंत गोंद लावू नका.

पालकांनाही एक विनंती. घरात जुन्या छापखान्यातील लाकडी ठोकळे किंवा खिळे कोणाकडे पडून असतील, तर ते भंगारात देण्याआधी मुलांना हाताळायला द्यावेत. शाई लावून एक ठसा घेऊ द्यावा. उलटे अक्षर सुलटे उमटताना पाहण्याचा आनंद वेगळाच असतो.

तयार झालेल्या रचना मागे नाव व इयत्ता लिहून चित्रकला वर्गात जमा कराव्यात. त्यातील निवडक रचना वर्गाबाहेरच्या फळ्यावर लावल्या जातील. वेर्कमन यांचा जन्मदिवस २९ एप्रिलला येतो. तेव्हा परीक्षा आटोपलेल्या असतात आणि जुन्या वह्या-पुस्तकांची रद्दी निघालेली असते. अक्षरे गोळा करायला त्याहून चांगला मुहूर्त सापडणार नाही.